मागचं फाटक नसलेली पेटी

मामाजी,

घाटंजीत सध्या एकच बोलणं चालू आहे. बायका नळावर बोलतात, पुरुष पानटपरीवर बोलतात, आणि आत्याबाई तर, सख्खी सासू असून, माझ्या तोंडावरच म्हणाल्या, की सुनेनं सासऱ्याला मसणवाटेच्या विसाव्यावर ताटकळत ठेवलं. तिरडी खाली ठेवलेली, माणसं उन्हात उभी, आणि ही बाई हॉटेलातल्या गाण्यांच्या पेटीवर गाणी लावते. तीही काय, तर लावणी! काल तुमची तेरवी झाली. पंगतीतले निम्मे लोक माझ्याकडे बघून हसत होते, निम्मे हसू दाबत होते. मी मान खाली घातली नाही. तुमच्या घरात येऊन ती सवयच मोडली आहे माझी.

लोकांना मला काही सांगायचं नाही. तुम्हाला सांगायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं.

लग्न होऊन यवतमाळहून आले तेव्हा माझ्यासोबत एक जुना कॉम्प्युटर आला होता. ज्या क्लासमध्ये मी शिकवायचे, तिथे नवीन मशीन आल्या आणि जुन्यातली एक मला मिळाली. तुम्ही खोकं उघडून बघितलंत आणि विचारलंत, "सूनबाई, हा टीव्ही कायले आणला? आपल्या घरी हाये ना एक."

"मामाजी, हा टीव्ही नाही."

"यात सिनेमा दिसत नाही का मंग?"

"दिसतो."

"मंग टीव्हीच झाला ना बापा!"

आपल्या वादांची ही सुरुवात. नव्या सुनेनं सासऱ्याशी वाद घालू नये असं आत्याबाईंनी मला दाराआड नेऊन समजावलं. पण तुम्हीच रोज काहीतरी उकरून काढायचात, आणि मी गप्प बसले की तुम्हाला करमायचं नाही.

तेव्हा आपलं हॉटेल कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर होतं, जिनिंगच्याच जागेवर. कापसाची ती वाईट वर्षं, जी अजून संपलेली नाहीत. कापूस घेणं उशिरा सुरू व्हायचं, सुरू झालं तर मध्येच बंद पडायचं, आणि बैलगाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत जायची. माणसं गाडीखाली झोपायची, उठली की तुमच्याकडे चहा-आलूबोंडा घ्यायची आणि आपला नंबर किती पुढे सरकला ते बघून परत बाकावर येऊन बसायची. करमणुकीला एक टेपरेकॉर्डर. त्यावरून रोज भांडणं. एकाला भजन पाहिजे, दुसऱ्याला लावणी, तिसरा म्हणायचा कव्वाली लावा नाहीतर बंद करा. ज्याचा आवाज मोठा, त्याची कॅसेट चालायची.

आणि समोर जिनिंगला फाटकं दोन. पुढच्या फाटकावर ही रांग. दुसरं कुंपणाच्या बाजूला, त्याला सगळे मागचं फाटक म्हणायचे; तिथून ओळखीपाळखीच्यांचे ट्रॅक्टर वाटेल तेव्हा आत जायचे. तुमच्या गल्ल्यावरून नेमकं ते मागचं फाटक दिसायचं. दिवसभर चहा गाळता गाळता तुम्ही ते बघायचात आणि त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाहीत.

मी एकदा सहज म्हणाले, या सगळ्या कॅसेट माझ्या कॉम्प्युटरमध्ये मावतील. बटण दाबलं की हवं ते गाणं लागेल. तुम्ही गाळणी हातात धरून थांबलात.

"नंबर लागन का त्यात?"

"म्हणजे?"

"म्हंजे आधी आला त्याचं आधी, मांगून आला त्याचं मांगून. मधात कोणं घुसाचं नाही."

मी म्हटलं, लागेल.

"मंग बनव," तुम्ही म्हणालात, आणि गाळणी परत पातेल्यावर धरलीत.

तुमच्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरायला माझा सगळा पावसाळा गेला. गाणं जेवढा वेळ वाजतं तेवढाच वेळ भरायला लागतो, हे तुम्हाला पटेचना. "एवढी शिकलेली मशीन, लवकर आयकत नाही का?" म्हणायचात. मग माझा एक कीबोर्ड आपण दोघांनी चहाच्या टेबलावर उघडला. आतली हिरवी पट्टी बाहेर काढून तिच्यावर मी वायरी जोडल्या आणि दुसऱ्या टोकाला दारावरच्या घंटीची बटणं. बटणं आणायला तुम्ही इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलात. दुकानदार म्हणाला, मोठा वाडा बांधला वाटते, दारं किती हायेत? तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत, "दार एकच हाये, पाहुणे लय हायेत." हे तुम्ही पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसलात.

पेटी म्हणून तुम्ही आलूबोंड्याचं काचेचं कपाट रिकामं केलंत. आत्याबाई चिडल्या, बोंडे कुठं ठेवू म्हणून. वरच्या काचेमागे पडदा बसला, खाली आकड्यांची बटणं आणि शेवटी एक हिरवं, ते दाबलं की गाणं रांगेत लागायचं. भिंतीवर पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, गाण्याचं नाव आणि पुढे नंबर. ज्यांना नाव वाचता येत नव्हतं त्यांनाही आकडा ओळखता यायचा, एसटीचे आणि काट्यावरचे आकडे बघून बघून. पडद्यावर मी मोठ्या अक्षरात फक्त आकडेच दाखवले: आता वाजतोय तो, आणि त्याच्यामागे रांगेत उभे असलेले.

एक चूक मात्र निखळ तुमची, ती मी कोणाला देणार नाही. जिनिंगची रुई हवेत उडते, ती मशीनमध्ये जाईल म्हणून तुम्ही मला न विचारता कपाटाच्या सगळ्या फटी सुताराच्या लांबीनं बुजवून टाकल्या. अर्ध्या तासात आतली मशीन चुलीसारखी तापली आणि बंद पडली. मी डोक्याला हात लावून बसले. तुम्ही लांबी खरवडून काढलीत, मागच्या बाजूनं भोक पाडलंत आणि त्यावर चहाचं फडकं ताणून खिळलंत. रुई बाहेर, वारा आत. रोज संध्याकाळी हॉटेलातली दोन फडकी धुतली जायची, एक चहाचं आणि एक पेटीचं, आणि एकदा त्यांची अदलाबदल झाल्याचं आत्याबाईंनी मला हळूच सांगितलं होतं. त्या दिवशीच्या चहाबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

पहिल्याच आठवड्यात लाइन गेली. भारनियमनाचा काळ, लाइन जाणारच, त्यासाठी आपण ट्रॅक्टरची बॅटरी लावली होती. पण बॅटरीही बसली आणि पडदा काळा झाला. लाइन परत आली तेव्हा मशीन सुरू झाली, पण रांग पुसली गेली होती. मग काय विचारता! जो तो म्हणे, माझा नंबर पहिला होता. दोघं बाकावरून उठून एकमेकांच्या छातीला भिडले. तुम्ही मध्ये पडून त्यांना वेगळं केलंत, आणि घरी आल्यावर मला म्हणालात, "सूनबाई, लाइन जाते तर जाऊ दे. नंबर नाही गेला पायजे."

मला ते जमलं. प्रत्येक बटण दाबलं की मशीन तो आकडा आधी जपून ठेवायची आणि मग पडद्यावर दाखवायची. पुढच्या वेळी अंधार झाला आणि उजेड आला, तेव्हा अर्धं राहिलेलं गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच सुरू झालं आणि मागचे सगळे आकडे जागच्या जागी उभे. हॉटेलातले लोक टाळ्या वाजवायला लागले. क्लासमध्ये मी शेकडो मुलांना शिकवलं, पण माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तुम्ही वाजवल्या नाहीत. मला नंतर कळलं, की तुम्ही मागे जाऊन रांगेतल्या गाडीवानांना एकेकाला बोलावून आणत होता, "माह्या सुनेनं बनवलं, पाहून घ्या" म्हणत. मला हे तुम्ही कधीच सांगितलं नाही, आणि मला माहीत आहे हे मीही तुम्हाला सांगितलं नाही.

काही शहाण्या लोकांनी टोकलंही. गावावर काय वेळ आली आणि तुम्ही गाणी वाजवता? तुम्ही म्हणालात, "रडाले घर हाये ना. इथं माणूस नंबर येईपर्यंत बसते, तेवढं तरी त्याच्या मनाचं होऊ द्या." असं बोलणारा माणूस संध्याकाळी स्वतः बटण दाबायला निघाला की रांगेत सगळ्यात शेवटी जायचा. स्वतःच्या हॉटेलात, स्वतःच्या पेटीवर.

तुमचा आणखी एक हट्ट होता. गाणं रांगेत लावून एखादा बसलेला असायचा आणि तेवढ्यात फाटकावरून त्याच्या गाडीचा पुकारा व्हायचा. तो पळायचा. त्याचं गाणं त्याच्या मागे वाजायचं. लोक म्हणायचे, तो तर गेला, काढून टाका. तुम्ही म्हणायचात, "गेला असन. नंबर त्याचाच हाये." मग सगळं हॉटेल गुमान बसून गेलेल्या माणसाचं गाणं ऐकायचं. पहिल्यांदा मला हे हास्यास्पद वाटलं होतं. नंतर पाहिलं, ती माणसं कापूस मोजून परत आली की दारातूनच विचारायची, माझं वाजलं का? आणि कोणीतरी सांगायचं, वाजलं, आम्ही पुरं ऐकलं.

आता शेठचं. जिनिंगचे शेठ बाहेरगावचे पाहुणे घेऊन आले, पाहुण्यांना आपली पेटी दाखवायला. कौतुकानंच आले होते, हे मी आजही म्हणेन. गाणं सांगितलं. तुम्ही म्हणालात, दाबा ना बटण. त्यांनी दाबलं. त्यांचा आकडा पडद्याच्या तळाशी दिसला.

"अरे भाऊ, पाहुणे थांबतील का? आधी लाव ना आपलं."

"शेठ, नंबर लागला का लागते."

"जागा कोणाची आहे ही?"

"जागा तुमचीच हाये," तुम्ही अगदी अदबीनं म्हणालात. "नंबर यायचा हाये."

बाकावरचे सगळे खाली बघत चहा पीत होते. शेठ पाहुण्यांना घेऊन निघून गेले. त्यांचं गाणं नंबरावर लागलं आणि तुम्ही तेही पूर्ण वाजू दिलंत.

त्या आठवड्यातच जागा खाली करायचा निरोप आला. त्या दिवशी घरात मी तुम्हाला जे बोलले, ते आत्याबाई अजून विसरल्या नाहीत. मी म्हटलं, मला पाच मिनिटं लागतील. गल्ल्याखाली एक बटण लावते, कोणाला दिसणारही नाही. ते दाबलं की ते गाणं वर येईल. वर्षातून दोनदा लागेल, पण डोक्यावरचं छप्पर राहील. हे तर तुमच्यासमोर हात जोडून उभे होते, बाबा, ऐका तिचं.

तुम्ही म्हणालात, "या पेटीले मांगचं फाटक नाही ठेवाचं." आणि उठून कपाट दोरीनं बांधायला लागलात. बैलगाडीत ते मांडीवर धरून बसलात, खड्डा आला की दोन्ही हातांनी कवळायचात. मी मागून चालत होते, रागानं माझे डोळे भरले होते, आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली होती की मी रडते ते रागानं की कशानं, मला कळत नव्हतं. ते तुम्हाला सांगायचं राहिलं. आज सांगते. मला तुमचा फार अभिमान वाटला होता, मामाजी, आणि अभिमान वाटतो म्हणूनच आणखी राग येत होता.

नवी जागा मिळाली ती विसाव्याजवळ. मसणाच्या वाटेवर, जिथे तिरडी खाली ठेवून खांदे बदलतात, तिथे हॉटेल टाकायला कोण तयार होणार? म्हणून ती रिकामी होती. मी म्हटलं, इथे चहा कोण पिईल? तुम्ही म्हणालात, "खांदा देणाऱ्यालेबी तहान लागते." गिऱ्हाईक निम्मं झालं, खोटं कशाला बोलू. पण गाडीवान यायचे. रांगेत एकाला गाडी सांभाळायला ठेवून दोघं-तिघं एवढ्या लांब चालत यायचे.

तिथे नवीन अडचण आली. मयत समोर थांबली आणि आपली पेटी वाजते आहे, हे कसं चालेल? तेव्हा तुम्हीच मला म्हणालात, एक लाल बटण लाव. थांबवायचं. गाणं तिथंच उभं राहील, रांग तशीच राहील, मयत पुढे गेली की पुन्हा सुरू. ते बटण मयतीशिवाय कोणी दाबायचं नाही. मी तुम्हाला चिडवलं, शेठसाठी बटण नाही आणि मेलेल्यासाठी आहे? तुम्ही म्हणालात, "तो मधात घुसत नाही ना, बाई. तो फक्त चालला हाये."

आणि मग ती दुपार. गल्ल्यावर बसल्या बसल्या तुमची मान कलली. हे धावले, मी धावले. लावणी चालू होती. यांनी तुम्हाला कवेत घेतलं आणि मला ओरडून म्हणाले, लाल दाब. मी दाबलं. लावणी अर्ध्यावर थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला आपल्या हॉटेलासमोर खाली ठेवलं. बायका आमच्याकडे विसाव्यापर्यंतच येतात, म्हणून मीही तिथवर आले. खांदे बदलायची घाई चालली होती, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, दादाचं ते आवडीचं गाणं लावा, तेवढं ऐकून जाऊ द्या त्याले. सगळ्यांना पटलं. यांनी शटर वर केलं. मी पेटी सुरू केली.

पडद्यावर कालची रांग होती. अर्धी राहिलेली लावणी, मागे एक कव्वाली, एक भजन. मी तुमचा आकडा दाबला, तो भजनाच्या मागे जाऊन उभा राहिला.

गर्दीतून शेठ पुढे आले. हो, आले होते ते, पांढऱ्या कपड्यात, आणि डोळे त्यांचेही लाल होते. म्हणाले, "बेटी, आज तरी त्यांचं आधी लाव." ज्यांची गाणी रांगेत होती ती माणसंही तिथेच उभी होती. लावणीवाला गाडीवान हात जोडून म्हणाला, "बाई, माहं काढून टाका. मले लाज वाटून राह्यली." कव्वालीवाला म्हणाला, माझंही काढा. आत्याबाई रडता रडता म्हणाल्या, "लाव ना पोरी, कायले पाहून राह्यली?"

दुसरा, साधा कीबोर्ड खणात होता; तो जोडला की रांग हवी तशी बदलता आली असती. पाच मिनिटंही लागली नसती. तुम्ही हयात असताना मी जे बटण मागत होते, ते आता सगळं गाव मला देत होतं, तुमच्याच नावानं. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं. उत्तर द्यायला तुम्ही नव्हता, म्हणून मलाच द्यावं लागलं.

"मामाजींचा नंबर मागे आहे," मी म्हणाले आणि लाल बटण पुन्हा दाबून थांबलेली रांग सोडली.

लावणी सुरू झाली. तुमच्या तिरडीसमोर, ढोलकीसकट. कोणीतरी "अरे अरे" केलं, बायकांनी पदर तोंडाला लावले. गाडीवान तर मान वर करेना. मग कव्वाली. तोपर्यंत माणसं रस्त्यावरच मांडी घालून बसली. भजनाला दोघंतिघं टाळ्या द्यायला लागले. शेठ आधी डोक्यावर रुमाल घेऊन उन्हात उभे होते, नंतर आपल्या बाकावर गाडीवानांमध्ये येऊन बसले. आणि मग तुमचं लागलं, ते जुनं, रेडिओवर वाजायचं ते. ते संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग खांदेकरी उठले आणि तुम्हाला घेऊन गेले.

तुम्ही बरोबर होता असं मी अजूनही म्हणणार नाही. ते एक बटण असतं तर आपण अजून फाटकासमोर असतो, असंच मला वाटतं. भांडायला तुम्ही असतात तर मी आजही भांडले असते. पण तुम्ही गेलात आणि पेटी माझ्या एकटीच्या हाती आली, तेव्हा माझा हात खणाकडे गेला नाही. याचं काय ते तुम्हीच समजून घ्या. तुम्ही मला माहेरच्या नावानं नाही, घरच्या नात्यानं नाही, कारागीर म्हणून वागवलंत, आणि त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

आज हॉटेल उघडलं. तेरवीला आलेले तुमचे फुलसावंगीचे मावसभाऊ, सुधाकरकाका, सकाळीच येऊन बसले. त्यांचं तिकडे हॉटेल आहे आणि त्यांना अशीच पेटी हवी आहे. सगळं नीट विचारून घेतलं, बॅटरी कोणती, फडकं कशाला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सूनबाई, मालकासाठी एखादं बटण ठेवजो बरं, गल्ल्याखाली. माणसं येतात आपल्याकडे, वजनदार."

मी म्हटलं, "काका, तसलं बटण आम्ही लावत नाही."

"मालकाचंबी नाही?"

"मालकाचंही नाही."

काकांनी पेटीमागचं फडकं बोटानं चाचपलं. मग म्हणाले, घरी जाऊन विचार करतो. त्यांना आर्णीवरून जायचं होतं आणि आर्णीच्या गाडीला वेळ होता, म्हणून पाटी वाचून त्यांनी एक गाणं दाबलं. हॉटेल आज भरलेलं होतं, त्यांचा आकडा पार खाली दिसला. ते चहा घेऊन बाकावर बसले. थोड्या वेळानं आर्णीची गाडी रस्त्यावरून आली, कंडक्टरनं दारातून हाक दिली. मी म्हटलं, काका, गाडी. दुसरी आता दुपारनंतरच आहे.

त्यांनी हातानंच कंडक्टरला जायला सांगितलं आणि पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाले, "जाऊ दे तिले. माहा नंबर येऊन राह्यला."